ड्वेनची साखळ्यांची पेटी

आधीच सांगून टाकते, ड्वेन मला आवडत नाही. तो माझ्या आईचा नवरा आहे, माझा बाप नाही, आणि अख्ख्या हार्लो गावात तो न आवडणारी बहुतेक मी एकटीच आहे. गावात कुठेही जा, चर्चच्या पार्किंगमध्ये, कॉफीच्या दुकानात, लायलच्या हार्डवेअरमध्ये, ड्वेन हॅगर्टी आत आला की लोकांचे चेहरे खुलतात. कारण तो बोलतो आणि बाकीच्यांना मग काही बोलावं लागत नाही.

त्याचा विषय एकच. बर्फ. बर्फात गाडी कशी चालवायची, कशी चालवू नये, सिअॅटलवाले बर्फात आले की कसे बदकासारखे घसरतात. "मी प्लाऊ चालवायचो तेव्हा" असं त्याचं प्रत्येक वाक्य सुरू होतं. खरी गोष्ट अशी आहे की काउंटीची ती बर्फ हटवायची गाडी त्याने एकच हिवाळा चालवली आणि तोही अख्खा नाही. ख्रिसमसच्या आधी त्याने मिल रोडवरच्या सगळ्या पत्रपेट्या आडव्या केल्या, एका बाजूच्या जाताना आणि दुसऱ्या बाजूच्या येताना, आणि नवीन वर्ष लागताच काउंटीने त्याला घरी बसवलं. हेही तो स्वतःच सांगतो, हसत हसत, जणू पत्रपेट्याच चालत रस्त्यात आल्या होत्या. तेव्हापासून तो सफरचंदांच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. छपराखाली, सपाट सिमेंटवर. तिथे बर्फ कोणाच्या बुटाला चिकटून आला तरच.

आणि त्याचा ट्रक. पिकअप आहे, पण त्याने ती वर उचलून घेतलीये, खाली मोठमोठे टायर घातलेत, इतके मोठे की टायर आणि गाडीच्या पत्र्यामध्ये बोट जात नाही. माझी आई उंचीला माझ्या खांद्याएवढी. तिला आत बसायला लाकडी स्टूल लागतं. ते स्टूल ड्वेन ट्रकमध्येच ठेवतो आणि ती चढली की उचलून मागे टाकतो, आणि हे करताना आजूबाजूला कोण बघतंय ते पण बघतो. तीन वर्षं आई पोटातून डायलिसिस करत होती. पोटात डायलिसिसचं पाणी भरलेलं असताना स्टुलावरून ट्रकमध्ये चढणं म्हणजे काय असतं ते तिलाच विचारा. मी एकदा ड्वेनला म्हटलं, साधी गाडी घे ना तिच्यासाठी. तर म्हणाला, "बर्फात उंची लागते गं पोरी. तुम्हा कॉलेजवाल्यांना नाही कळायचं."

बरं, त्याच्या बाजूने एक सांगते नाहीतर आई म्हणेल मी अन्याय करते. डायलिसिसच्या पाण्याची खोकी दर महिन्याला यायची, टेम्पोभर, एकेक खोकं गोणीएवढं जड. ती सगळी ड्वेन उचलून गॅरेजमध्ये लावायचा, न सांगता. लावून झालं की आठवडाभर कंबर धरून फिरायचा, पण लावायचा.

आता पेटी. आमच्याकडून शहरात जायचं तर टॉलिव्हरची खिंड ओलांडावी लागते, दुसरा रस्ता नाही. हिवाळ्यात खिंडीच्या पायथ्याशी पोलीस उभे असतात. साध्या गाड्यांनी टायरला साखळ्या घालायच्या, फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी घालायच्या नाहीत पण बरोबर ठेवायच्या. मग काय, आमच्याकडे फोर व्हीलवाले काच खाली करतात, पोलीस विचारतो साखळ्या आहेत का, आपण मागची पेटी उचलून दाखवायची, तो हात हलवतो, आपण निघायचं. संपलं. त्यामुळे हार्लोत साखळ्यांची पेटी ही घालायची वस्तू नाहीच, दाखवायची आहे. आणि सगळ्यात प्रसिद्ध पेटी ड्वेनची. लाल प्लॅस्टिकची, कडेने कंपनीची पिवळी चिकटपट्टी अजून तशीच. तिला ब्लेड लागलेलं नाही याचा त्याला इतका अभिमान की बस. "खरा ड्रायव्हर असेल तर ही पट्टी कापावीच लागत नाही," हे त्याचं वाक्य. लोक ती पेटी उसनी न्यायचे. खरंच. कोणाला शहरात लग्नाला जायचंय, कोणाला विमान पकडायचंय, ये ड्वेनकडे, ने पेटी. लायल तर हार्डवेअरचं दुकान चालवतो, त्याच्या दुकानात भिंतभर साखळ्या टांगलेल्या, तोही ड्वेनची पेटी न्यायचा. मी विचारलं होतं त्याला एकदा. म्हणाला, "दुकानातली नेली की ती वापरलेली होते ना मग."

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला की मार्ला, किडनीच्या यादीत तुमचा नंबर बराच वर आलाय, किडनी कधीही येईल, आली की काही तासांत इथे पोचावं लागतं, हिवाळ्यात तुम्ही कशा येणार ते आत्ताच ठरवून ठेवा. मार्ला म्हणजे माझी आई. मी शनिवार-रविवारसाठी घरी आले होते. म्हटलं चला, आत्ताच्या आत्ता लायलकडे. ड्वेनही आला. त्याच्याशिवाय बर्फाची खरेदी होणं शक्यच नव्हतं.

तिथे त्याने जे केलं त्याला निवड म्हणत नाहीत. लायल एकेक वस्तू काढून दाखवत होता आणि ड्वेन एकेकीची टिंगल करत होता, आणि दुकानातली गिऱ्हाइकं हातातलं सामान घेऊन ऐकायला उभी.

लायलने साखळ्या काढल्या, जाड कड्यांच्या. ड्वेन म्हणाला, "या बैलाला बांधायला बऱ्या."

केबल काढली, बारीक तारेची. "ही कपडे वाळत घालायला दे मार्लाला."

खिळे मारलेले टायर दाखवले. "हे म्हाताऱ्यांसाठी, लायल. टकटक वाजतात, म्हणजे म्हाताऱ्याला कळतं आपण अजून चालतोय."

लोक हसले. आईसुद्धा हसली, आणि ते मला अजूनच लागलं.

मग लायलने टायरचे मोजे काढले. कापडाचे असतात, पांढरे, टायरवर टोपीसारखे ओढायचे, बर्फाला कापड धरून ठेवतं, आणि खिंडीत पोलीस ते साखळीऐवजी चालवून घेतात. ड्वेनने तो मोजा दोन बोटांनी उचलला आणि नाकाशी नेला. म्हणाला, "धुतलेत ना?"

अख्खं दुकान हसलं. मी विचारलं, "लायल, याच्या ट्रकला यातलं काय बसेल?"

लायलने डोकं खाजवलं. "एवढ्या मोठ्या टायरला साखळी नाही बसायची. जागाच नाही ना, आतली ब्रेकची नळी कापेल. मोजे बसतील. पण साईज मागवावी लागेल."

"मागव," मी म्हटलं.

"पेटी आहे आपली," ड्वेन म्हणाला.

"ती पेटी तुझ्या जुन्या ट्रकची आहे. याला बसणार नाही. आत्ता म्हणाला ना तो."

"पोरी, मी प्लाऊ चालवायचो तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता."

मी काउंटरवर माझं कार्ड ठेवलं. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये भांडी विसळते, त्याच कमाईतून मी त्या माणसाच्या ट्रकला मोजे घेतले. आले की ड्वेनकडे दे, असं लायलला सांगून मी परत गेले.

थँक्सगिव्हिंगला बसने घरी आले तर ट्रकच्या टपावर एक लांबलचक दिव्यांची पट्टी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चालू केली की समोरच्या माणसाला आंधळा करेल अशी. मी विचारलं मोजे आले का. ड्वेन टर्की कापत होता, मान वर न करता म्हणाला, "साईज नाही मिळाली." मी म्हटलं मग माझे पैसे. म्हणाला, "लायलकडे जमा आहेत." आई म्हणाली, डार्सी, जेवताना नको. मी भाजलेली रताळी खाल्ली.

शनिवारी सकाळी आई टर्कीची हाडं सुपासाठी उकळायला ठेवत होती तेव्हा फोन आला. तिने ऐकलं, हो म्हणाली, हो हो म्हणाली, आणि गॅस बंद केला. म्हणाली, "आलीये." मग खुर्चीवर बसली. काही खायचं नाही, दुपारपर्यंत पोचायचं, आणि दुसऱ्या एका पेशंटलाही सांगून ठेवलंय, मार्ला वेळेत आल्या नाहीत तर ती त्याला. हे सगळं तिने आम्हाला अगदी हळू आवाजात सांगितलं, जणू मोठ्याने बोललं तर ती परत जाईल.

बाहेर पहाटेपासून बर्फ पडत होता.

ड्वेन एकदम मोठा झाला. या दिवसासाठीच तो आयुष्यभर थांबला होता असं त्याच्या चालण्यावरून वाटत होतं. टोपी घातली, लाल पेटी मागे टाकली, स्टूल मांडलं, आईला चढवलं. "मार्ला, तू फक्त बस. हे माझं काम आहे." आईने निघण्याआधी त्याच्यासाठी टर्कीचं सँडविच बांधून घेतलं होतं. स्वतःला पाणीही प्यायचं नव्हतं, आणि त्याच्यासाठी सँडविच.

पायथ्याच्या पेट्रोल पंपावर पाटी दिसली. सर्व वाहनांना साखळ्या, कोणालाही सूट नाही. अशी पाटी वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी लागते. मी मागून म्हटलं, "ड्वेन, सर्व म्हणजे आपणही."

"ती शहरवाल्यांसाठी असते."

आई म्हणाली, "इथे काही मिळत असेल तर घेऊन टाकू या."

"पेटी आहे ना, मार्ला."

पुढे रस्त्याच्या कडेला रुंद जागा आहे, तिथे सगळे थांबून साखळ्या चढवत होते, बर्फात गुडघे टेकून, शिव्या देत. त्यात एक म्हातारी होती, छोटीशी जुनी गाडी, मागच्या काचेपर्यंत ख्रिसमसचे हार भरलेले, देवदाराच्या फांद्यांचे. बाई पुठ्ठ्यावर गुडघे टेकून टायरला पांढरे मोजे ओढत होती. ड्वेनने मुद्दाम ट्रक हळू केला, काच खाली केली आणि ओरडला, "काय आजी, गाडीला सर्दी झाली का?"

तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पुढे व्हा. उजेड अडतोय."

ड्वेन हसत पुढे गेला. पुढे पोलीस बाई उभी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, टोपीवर बर्फाचा थर. "साखळ्या?"

ड्वेनने पेटी उचलून दाखवली, अगदी ट्रॉफी दाखवतात तशी.

"छान. घाला मग."

"फोर व्हील आहे, बाई."

"आज सूट नाही. वर ट्रेलर आडवा झालाय. घालून या."

"हे बघा, मी प्लाऊ चालवायचो तेव्हा..."

"साहेब, मागे रांग लागलीये. बाजूला घ्या, घाला आणि या, लगेच सोडते."

मी मागून सगळं सांगून टाकलं, आईची किडनी, दुपारपर्यंत पोचायचंय, सगळं एका दमात. त्या बाईचा चेहरा बदलला. ती आईकडे बघून म्हणाली, "मग लवकर घाला ना. मी तुम्हाला रांगेच्या पुढे काढते."

ड्वेनने ट्रक बाजूला घेतला. आणि बसून राहिला. इंजिन चालू, हात चाकावर. रेडिओचं बटण फिरवायला लागला. आई म्हणाली, "ड्वेन?"

"दहा मिनिटं थांब. यांची ड्युटी बदलेल. दुसरा आला की सोडेल."

"ड्वेन, घाल ना."

"मार्ला, मला माहितीये ही माणसं कशी असतात."

मी दार उघडून उडी मारली, मागून पेटी ओढली. जड होती, आत लोखंड खणखणलं. तो खाली उतरून माझ्यामागे आला आणि मला म्हणाला, "राहू दे, डार्सी." डार्सी म्हणाला. पोरी नाही, कॉलेजवाली नाही. मी नखांनी ती पिवळी पट्टी ओढली. ती कंपनीची नव्हतीच. साधी चिकटपट्टी होती, बाजारात मिळते ती, नीट कडेने लावलेली.

आत घोड्याचे नाल होते. उन्हाळ्यात फायर स्टेशनच्या मागे ड्वेन आणि त्याचे दोस्त लोखंडी खुंटीवर नाल फेकायचा खेळ खेळतात ना, ते. जुन्या पेपरात गुंडाळलेले, वाजू नयेत जास्त म्हणून. साखळीचं एक कडंसुद्धा नाही. आणि मला सगळे आठवले, लग्नाला गेलेले, विमानाला गेलेले, लायल, किती वर्षं हार्लोचे लोक पोलिसांना घोड्याचे नाल दाखवून खिंड ओलांडत होते.

आईने काच खाली केली होती. तिने पेटीत बघितलं. "साखळ्या कुठायत?"

"जुन्या ट्रकबरोबर गेल्या," ड्वेन म्हणाला. "घेणाऱ्याने मागितल्या. पेटी नव्हती मागितली त्याने."

"तुला माहीत होतं."

"मार्ला, कधी लागल्याच नाहीत ना."

आई म्हणाली, "आज लागल्या."

मी म्हटलं, "आणि मोजे? खरं सांग. आले होते ना?"

त्याने क्षणभर वर टपाकडे बघितलं. त्या दिव्यांच्या पट्टीकडे. मलाही कळलं आणि आईलाही. लायलकडे मोजे परत देऊन त्याने वर थोडे घालून ते दिवे आणले होते. मी भांडी विसळून आणलेल्या पैशांचे दिवे. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, आई वाचेल. पोलीस बाईने रेडिओवरून गाडी मागवली. पोलिसांच्या सगळ्या गाड्या वर ट्रेलरपाशी अडकलेल्या, तास तरी लागेल म्हणाले, बर्फ वाढला तर त्याहून जास्त. तिला स्वतःला जागा सोडून जाता येत नव्हतं.

मग आईने दार उघडलं. ड्वेन स्टूल आणायला पळाला. तिने त्याची वाट बघितली नाही. पोटात नळी असलेल्या बाईने त्या उंच ट्रकमधून सरळ बर्फात उडी मारली आणि बॅग खांद्याला अडकवून मागे चालत गेली. हारवाल्या म्हातारीकडे. मी तिच्यामागे धावले.

म्हातारी शेवटच्या टायरचा मोजा नीट करत होती. आई म्हणाली, "बाई, मला शहरात हॉस्पिटलला जायचंय. माझ्यासाठी किडनी आलीये."

"कोणाची?"

"माहीत नाही. कोणीतरी गेलं असेल."

म्हातारी पुठ्ठ्यावरून उठली. गुडघे झटकले. पुढच्या सीटवरचा थर्मास उचलून खाली ठेवला. "बसा. मागे जागा नाही, हार आहेत. पोरीला नाही बसता येणार."

"चालेल," मी म्हटलं. चालणार नव्हतं, पण म्हटलं.

आई बसली. त्या गाडीत ती अशी सहज बसली, पाय जमिनीवरून उचलला आणि आत. मला तेवढंच बघून रडू आलं. तेवढ्यात ड्वेन पोचला, धापा टाकत, हातात ते स्टूल. आणि काय बोलला माहितीये? माफी नाही. खिडकीतून वाकून त्या म्हातारीला म्हणाला, "दुसऱ्या गिअरवरच ठेवा आजी, आणि वळणावर ब्रेक अजिबात..."

म्हातारीने आईला विचारलं, "हा कोण तुमचा?"

"नवरा."

"हं," म्हातारी म्हणाली आणि काच वर केली.

पोलीस बाईने पुढे जाऊन बाकीच्या गाड्या थांबवल्या. ती छोटी गाडी पांढऱ्या मोज्यांवर रांगेतून निघाली, अजिबात आवाज न करता, आणि वळणावर दिसेनाशी झाली. जवळच एक प्रचंड ट्रक टपावर दिवे घेऊन उभा होता, कोणाच्याच कामाचा नाही असा.

मग आम्ही दोघं त्या ट्रकमध्ये बसून राहिलो. साखळ्यांची सक्ती उठेपर्यंत दुसरं काहीच करता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट दिवस, आणि तो मी त्या माणसाबरोबर काढला. त्याने सँडविच सोडलं. अर्धं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. भूक लागली होती, तरी नाही घेतलं. त्याने दोन्ही अर्धी खाल्ली.

मग कागद चुरगाळत म्हणाला, "पोचेल ती."

"तुला काय माहीत?"

"त्या बाईने मोजे बरोबर चढवले होते. चारही चाकांना. शिवण बाहेर, मधोमध. बघितलं मी."

म्हणजे त्याला कळत होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मला वाटायचं हा बावळट आहे, बोलघेवडा आहे, त्याला कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. दुकानात मोजा नाकाशी धरला तेव्हाही कळत होतं. फक्त त्याच्या ट्रकला मोजे घातलेले कोणी बघू नये, एवढंच. त्यासाठी त्याने माझ्या आईला पणाला लावलं. आणि हे तो वाईटपणाने करत नव्हता, नुसतं आपलं हसू होऊ नये म्हणून.

दुपारी आईचा मेसेज आला. पोचले. सगळ्या कपड्यांना देवदाराचा वास येतोय, नर्स हसतायत.

संध्याकाळी सक्ती उठली तेव्हा आम्ही गेलो. ऑपरेशन चाललं होतं. ते नीट झालं, किडनी लागली, लगेच काम करायला लागली, हे सांगून टाकते, कारण त्या बाहेरच्या खुर्च्यांवर मी जे भोगलं ते तुम्हाला नको. ड्वेन तिथेही गप्प बसला नाही. रात्रपाळीच्या नर्सला सांगत होता, "काय खिंड होती आज. पण आणलं आम्ही तिला." आम्ही. मी उठून व्हेंडिंग मशीनपाशी जाऊन उभी राहिले. तिथे काही घ्यायचं नव्हतं.

आई घरी आली. पोटातली नळी गेली, खोकी यायची बंद झाली, गॅरेज रिकामं झालं. मला वाटलं ती त्याला सोडेल. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "डार्सी, तो घरात बोलत असतो ते मला बरं वाटतं." मी म्हटलं रेडिओ लाव. ती म्हणाली रेडिओ खोकी उचलत नाही. मी म्हटलं आता खोकी येत नाहीत. त्यावर ती उठून कॉफी करायला गेली. पण उन्हाळ्यात तिने एक गोष्ट केली. त्या म्हातारीला, विल्मा तकेडा तिचं नाव, शोधून काढलं, तिच्या भाच्याकडून एक जुनी छोटी गाडी घेतली, आणि ड्वेनला विचारलं नाही. कुठली घ्यावी, टायर कसे आहेत, काहीच नाही. तो आठवडाभर त्या गाडीभोवती फिरत होता, चाकांना लाथा मारून बघत होता. आणि पुढचा ऑक्टोबर लागला तेव्हा ती एकटी लायलकडे जाऊन मोजे घेऊन आली.

गंमत म्हणजे आता ड्वेन मोज्यांवर बोलतो. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, लायलच्या दुकानात, एका बिचाऱ्या नवीन शिक्षकाला धरून. "साखळ्या विसरा. कापड धरतं बर्फाला. शिवण बाहेर ठेवायची, मधोमध. माझ्या बायकोला किडनीसाठी अशीच खिंडीतून काढली होती." लायल काउंटरमागे उभा, सगळं माहीत असून मान डोलवत होता. कारण गोष्ट गावभर झालेली आहे, नालांची. मला वाटलं होतं आता तरी याचं तोंड बंद होईल. उलट नालांची गोष्टही तो सांगायला लागलाय, पत्रपेट्यांसारखी, हसत हसत.

यंदा थँक्सगिव्हिंगला मी घरी होते. शुक्रवारी आईची शहरात तपासणी होती. बर्फ पडत होता. तिने गाडीत मोजे टाकले, पुठ्ठा टाकला, थर्मास पुढे ठेवला. वाटेत विल्माबाईंना आणि त्यांच्या हारांना घ्यायचं होतं. ड्वेन अंगणात टोपी घालून तयार.

"मी येतो ना, मार्ला. वर बर्फ जास्त आहे आज."

"जागा नाही," आई म्हणाली. "मागे हार असतील."

"मग पुढे."

"पुढे विल्मा."

तेवढ्यात लायलचा ट्रक फाटकाशी थांबला. त्याने काच खाली करून विचारलं, "ड्वेन, पेटी आहे का रे? सासुरवाडीला निघालोय."

मी म्हटलं, "लायल, त्यात नाल आहेत. तुला माहितीये त्यात नाल आहेत."

"उघडायला थोडंच सांगतात, डार्सी. आज साधी पाटी आहे."

आणि ड्वेन गॅरेजमध्ये गेला आणि पेटी घेऊन आला. कडेने नवी पिवळी चिकटपट्टी. लायलने ती मागे टाकली, थँक्यू म्हणाला आणि गेला. त्याच्या दुकानात भिंतभर साखळ्या टांगलेल्या आहेत, हे मी परत सांगते, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

आईने गाडी सुरू केली. ड्वेन थोडा वेळ उभा राहिला, मग जाऊन त्याच्या ट्रकमध्ये चढला, आणि तिची गाडी फाटकातून बाहेर पडताना टपावरची ती दिव्यांची पट्टी चालू केली. तिला रस्ता दिसावा म्हणून. सकाळचे नऊ वाजले होते, लख्ख उजेड. आईने आरशात बघितलं असेल, कारण तिने हात वर करून आरसा दुसरीकडे फिरवला आणि वळून निघून गेली.